भाऊ दाजींनी न लिहिलेलं पुस्तक



या स्मृतिव्याख्यानासाठी कोणाविषयी बोलणार, असं मला विचारलं तेव्हा मी क्षणभरही न थांबता भाऊ दाजींचं नाव सांगितलं. निरोप घेऊन आलेला कार्यकर्ता तरुण होता. तो म्हणाला, "म्हणजे राणीच्या बागेतल्या म्युझियमचे भाऊ दाजी?" त्याचं काही चुकलं नाही. भायखळ्याच्या त्या देखण्या इमारतीला 1975 मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव दिलं गेलं आणि तेव्हापासून हे नाव मुंबईकरांच्या तोंडी आहे ते संग्रहालयाचं म्हणून. माटुंग्याला त्यांच्या नावाचा रस्ता आहे, तिथं ते पत्त्यात येतात. पण नावाच्या आधी जे 'डॉ.' लिहिलेलं असतं, ते आपण वाचतो आणि पुढे जातो. आज मला त्या एका अक्षराबद्दल बोलायचं आहे.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. लालबागला चाळीच्या तळमजल्यावर मी पस्तीस वर्षं दवाखाना चालवला. सकाळी गिरणीची रात्रपाळी सुटली की बाकड्यांवर जागा राहत नसे. त्यामुळे भाऊ दाजींकडे मी पाहतो ते दवाखान्याच्या खुर्चीत बसूनच पाहतो. ते मोठे संशोधक होते, राजकारणी होते, दोनदा मुंबईचे शेरीफ झाले, हे सगळं मला मान्य आहे. मात्र हे सगळं त्यांना ज्या बळावर करता आलं, ते बळ रुग्णाच्या उशाशी बसून मिळवलेलं होतं, असं माझं मत आहे. आणि त्या खुर्चीत बसून जी एक गोष्ट त्यांनी करायला हवी होती, ती राहून गेली. तीही मी आज सांगणार आहे. आदर असलेल्या माणसाबद्दल अर्धंच बोलणं मला जमत नाही.

भाऊंचं मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म गोव्यातल्या पेडणे भागातल्या मांद्रे गावचा. जन्मसाल कोणी 1822 देतं, कोणी 1824. घरची परिस्थिती बेताची. पोट भरण्यासाठी कुटुंब मुंबईला आलं आणि मातीच्या बाहुल्या करून विकू लागलं. पोरगं बुद्धिबळात विलक्षण तल्लख. एका इंग्रज गृहस्थानं त्याचा डाव पाहिला आणि बापाला गळ घातली की या मुलाला इंग्रजी शिकवा. चरित्रकार ही गोष्ट सांगतात ती मुलाच्या हुशारीसाठी. मला मात्र बाहुल्या जास्त महत्त्वाच्या वाटतात. ज्या संग्रहालयाला पुढे भाऊंचं नाव मिळालं, तिथं काय ठेवलेलं आहे ते आठवा. काचेच्या कपाटांतून मातीचे छोटे पुतळे उभे आहेत: पगड्यांचे नाना प्रकार, नाना जातींची माणसं, त्यांचे व्यवसाय, त्यांची घरं. बाहुल्या विकणाऱ्याच्या मुलाचं नाव अशा इमारतीवर यावं, हा योगायोग असेल. पण मी तिथं जातो तेव्हा त्या कपाटांपुढे मला विठ्ठल लाडांची आठवण येते. त्यांचं नाव कुठल्याच पाटीवर नाही.

एल्फिन्स्टनमध्ये शिक्षण झालं, तिथंच काही काळ शिकवलंही. काठेवाड आणि कच्छमध्ये मुली जन्मताच मारून टाकण्याची जी चाल होती, तिच्यावर निबंध लिहून त्यांनी सहाशे रुपयांचं बक्षीस मिळवलं. त्या काळचे सहाशे रुपये, आणि विषय हा! विशीतल्या तरुणाच्या डोक्यात त्या मेलेल्या मुली कायमच्या बसल्या असाव्यात असं मला वाटतं, कारण पुढे मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी जे केलं त्यात उपकाराचा सूर नाही, घाई आहे. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या मुलींच्या शाळांमागे ते उभे राहिले. लोहार चाळीतल्या शाळेला तर त्यांचंच नाव मिळालं.

मग 1845 मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. शेजारी जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीतून उभं राहिलेलं रुग्णालय, ज्याला आपण जे.जे. म्हणतो. हाती आलेली मास्तरकी सोडून भाऊ तिथं विद्यार्थी म्हणून जाऊन बसले. 1851 मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. आठ जण. त्यात भाऊ होते, अनंत चंद्रोबा होते, आत्माराम पांडुरंग होते, गोव्याकडचे लिस्बोआ होते, पारशी होते, ख्रिस्ती होते. त्या आठ जणांच्या तुकडीत त्या वेळची अख्खी मुंबई मावली होती.

या मुलांचे गुरू डॉ. चार्ल्स मोअरहेड. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो, पुढे लागणार आहे. मोअरहेड विद्यार्थ्यांना खाटेजवळ उभं करून शिकवत, आणि खाटेवरच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवायला लावत. ताप कधी चढला, कधी उतरला, औषध कोणतं, किती दिलं, माणूस जगला की गेला, आणि गेला असेल तर आत काय सापडलं. जे.जे.मधल्या अशा नोंदींच्या आधारावर त्यांनी भारतातल्या रोगांवर मोठा ग्रंथ लिहिला, तो 1856 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे पाहिलेलं लिहून ठेवायचं, हे भाऊंना वेगळं कोणी सांगायला नको होतं. ते त्याच शाळेत तयार झाले होते.

भाऊंनी स्वतःचा व्यवसाय सुरू केला आणि धाकटे बंधू नारायण दाजी, तेही डॉक्टर, यांना बरोबर घेऊन गरिबांसाठी धर्मादाय दवाखाना चालवला. पैसेवाल्यांकडून फी, गरिबांना औषध फुकट. हे वाचायला सोपं आहे. ज्यांनी दवाखाना चालवला आहे त्यांना विचारा. फुकट औषध द्यायचं म्हणजे नुसती पुडी द्यायची नसते. फुकट येणाऱ्या माणसाला पैसे देणाऱ्याइतकाच वेळ द्यावा लागतो, आणि तो दिला की नाही हे बाकड्यावरच्या बाईला पहिल्या दोन मिनिटांत कळतं. भाऊंकडे गर्दी होत असे ती त्यामुळे. आपल्याकडे एक शब्द आहे, हातगुण. 'डॉक्टरांच्या हाताला गुण आहे' असं म्हणतात तेव्हा लोकांना औषध अभिप्रेत नसतं. हा माणूस आपल्याला फसवणार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

असा भरवसा मिळाला की डॉक्टरला दवाखान्याबाहेरही माणसं ऐकू लागतात. लालबागमध्ये बसून हे सांगताना मला डॉ. दत्ता सामंत आठवल्यावाचून राहत नाहीत. 1982 च्या संपाबद्दल या सभागृहात दोन मतं असतील, चारही असतील. मी त्यात शिरत नाही. पण अडीच लाख गिरणी कामगार ज्याच्या मागे गेले त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणत, आणि ते उगीच नव्हतं. घाटकोपरला दगडखाणीत हातपाय मोडून घेतलेले मजूर त्यांच्या दवाखान्यात येत, तिथून त्यांचं युनियनचं काम सुरू झालं. मलमपट्टी आधी, संघटना नंतर.

भाऊंचंही तसंच झालं. 26 ऑगस्ट 1852 रोजी बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. जगन्नाथ शंकरशेट अध्यक्ष, आणि चिटणिसांत भाऊ. कंपनी सरकारच्या कारभाराबद्दल थेट विलायतेच्या पार्लमेंटकडे अर्ज करणारी ही संस्था. काँग्रेसच्या आधी तेहतीस वर्षं. डॉक्टर होऊन त्यांना तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. विष्णुदास भावे सांगलीहून नाटक मंडळी घेऊन मुंबईत आले, त्यांना आधार देणाऱ्यांतही भाऊ होते. राणीच्या बागेच्या आणि संग्रहालयाच्या समितीत जॉर्ज बर्डवुड यांच्यासोबत चिटणीस तेच. त्या इमारतीची पायाभरणी 1862 ची, आणि दारं उघडली 2 मे 1872 रोजी. हे सगळं मी भराभर सांगतो आहे, कारण याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि हे काम अनेकांनी मिळून केलेलं होतं.

पण एका गोष्टीपाशी मला थांबायचं आहे, कारण तिथं भाऊ डॉक्टर म्हणूनच उभे होते. महाराज लायबल केस.

करसनदास मुळजींनी आपल्या 'सत्यप्रकाश' पत्रात 1860 साली वल्लभ संप्रदायाच्या महाराजांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, अनाचाराविरुद्ध लेख लिहिला. जदुनाथजी महाराजांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. 1862 च्या जानेवारीत मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सुनावणी सुरू झाली. शहरातले धनाढ्य भाटिया व्यापारी महाराजांच्या बाजूनं एकवटलेले, साक्षीदारांवर जातीचा दबाव. खालच्या आवाजात सगळेच बोलत होते, शपथेवर बोलायला मात्र फार थोडे तयार होते. त्या कोर्टात दोन डॉक्टर उभे राहिले, भाऊ दाजी आणि धीरजराम दलपतराम. महाराज मंडळींतल्या लोकांवर आपण गुप्तरोगासाठी उपचार केले आहेत, असं भाऊंनी शपथेवर सांगितलं. 22 एप्रिलला निकाल करसनदासांच्या बाजूनं लागला.

शाळेच्या पुस्तकात ही हकिगत समाजसुधारणेचा विजय म्हणून येते, आणि ती तशी आहेच. पण मी डॉक्टर आहे. मला तिथं एक काटा टोचतो. रुग्णानं दार लोटून आपल्याला जे सांगितलं, ते भर कोर्टात उघड करायचं? इंग्रजी कायद्याची बाजू स्पष्ट होती. वकिलाला अशिलाचं गुपित राखता येतं, डॉक्टरला कोर्टात ती सवलत नाही. 1776 मध्ये किंग्स्टनच्या डचेसच्या खटल्यात लॉर्ड मॅन्सफील्डनं हे ठरवून टाकलं होतं. म्हणजे कायद्यानं भाऊ बरोबर होते. पण कायद्यानं बरोबर असणं म्हणजे रात्री झोप लागणं नव्हे. ज्या डॉक्टरचा सगळा व्यवसाय 'हा बाहेर बोलणार नाही' या विश्वासावर चालतो, त्यानं हे केलं, तेव्हा तो स्वतःची पुंजी पणाला लावत होता.

मी यावर बरीच वर्षं विचार केला आहे आणि माझं मत असं झालं आहे की भाऊंनी केलं ते योग्य केलं. रुग्णाचं गुपित राखायचं ते तो दुबळा असतो म्हणून. उघडा पडला तर त्याची नोकरी जाईल, लग्न मोडेल, चाळीत त्याला कोणी पाणी देणार नाही. इथं मात्र दुबळ्या होत्या त्या महाराजांच्या हवेल्यांत जाणाऱ्या बायका आणि मुली, ज्यांना तो रोग लागणार होता आणि ज्यांच्यासाठी कोणी वकील उभा राहणार नव्हता. गुपित कोणाचं राखायचं आणि कोणापासून कोणाला वाचवायचं, हे ठरवायची वेळ डॉक्टरवर येते. भाऊंनी ते ठरवलं आणि कोर्टात सगळ्यांसमोर उभे राहून ठरवलं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. महारोग, म्हणजे कुष्ठरोग.

त्या काळच्या मुंबईत महारोग्याला काय होतं याची कल्पना आज करता येत नाही. उपचार नव्हता. रोग का होतो हे ठाऊक नव्हतं. देवळाबाहेर किंवा रस्त्याच्या कडेला बसायचं आणि झिजायचं. भाऊंनी या रोगाच्या मागे लागायचं ठरवलं. त्यांच्या हाती जे औषध होतं त्याचं मूळ कडू कवठ. कोकण-गोव्याच्या डोंगरांत ओढ्याकाठी वाढणारं हे झाड. फळ गोल, टणक सालीचं. आतल्या बियांचं तेल जुनाट त्वचारोगावर लावायची रीत आपल्याकडे पूर्वीपासूनची आहे. मांद्र्याच्या मुलाला हे झाड परकं नसणार. भाऊंच्या उपचारानं रुग्णांना उतार पडतो अशी ख्याती झाली. लांबून लांबून रोगी येऊ लागले.

आणि भाऊंनी ते औषध गुपित ठेवलं.

त्यांच्या हयातीतच यावरून टीका झाली. सरकारी डॉक्टर विचारत होते की औषध कोणतं ते सांगा, म्हणजे आम्हीही पडताळून पाहू. भाऊंनी उपचाराचा सविस्तर वृत्तांत कधी प्रसिद्ध केला नाही. कडू कवठाचं नाव लोकांसमोर आलं ते पुढच्या काळात औषधी वनस्पतींवर लिहिणाऱ्यांनी नोंद केली तेव्हा.

त्यांच्या बाजूनं बोलायचं तर बोलता येतं, आणि मी बोलतो. महारोग हा फार हळू चालणारा रोग आहे. चट्टा फिका पडला म्हणून माणूस बरा झाला असं म्हणता येत नाही. दोन वर्षांनी, पाच वर्षांनी तो पुन्हा उठतो. घाईनं 'औषध सापडलं' म्हणून जाहीर केलं असतं तर भोंदूंनी दुसऱ्या दिवशी बाजारात बाटल्या आणल्या असत्या. पूर्ण खात्री झाल्यावरच बोलायचं असं त्यांनी मनाशी धरलं असेल तर ते चांगल्या डॉक्टरचं लक्षण आहे. शिवाय रोगाचं कारणही तेव्हा अंधारात होतं. नॉर्वेत हॅन्सनला महारोगाचे जंतू दिसले ते 1873 मध्ये, भाऊंच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी. हा माणूस अशा शत्रूशी लढत होता, ज्याचं तोंड कोणी पाहिलेलं नव्हतं.

तरीही मला ते गुपित पटत नाही. औषधाचं नाव सांगायची घाई नको, हे ठीक. पण नोंदी? शंभर रोग्यांना दिलं, अमुक इतक्यांना गुण आला, अमुक इतक्यांना आला नाही, अमुक इतक्यांना मळमळ सुटून ते पळून गेले: एवढं तरी लिहायचं. मुंबईत वैद्यकमंडळींची सभा होती, तिचे वृत्तान्त छापून निघत होते. छापायला जागा होती. आणि लिहिता येत नव्हतं असं म्हणावं तर समोर कोण होतं पाहा. कालिदासाच्या काळाचा शोध घेणारा हाच माणूस. अजिंठ्याच्या लेण्यांतले लेख उतरवून वाचणारा हाच. जुनागढच्या खडकावरचा रुद्रदामनचा लेख नव्यानं वाचून छापणारा हाच. लेण्यांतल्या जुन्या अंकचिन्हांवर याचा निबंध आहे. स्वतःला जाता येत नव्हतं, रुग्ण सोडून कुठं जाणार, तेव्हा जुनागढच्या भगवानलाल इंद्रजींना त्यांनी पदरचे पैसे देऊन देशभर धाडलं, राजस्थानात, उत्तरेत, पार नेपाळपर्यंत. भगवानलालांनी ठसे घेऊन यायचं आणि भाऊंनी रात्री दवाखाना आटपून ते वाचत बसायचं. दगडावरचं एक अक्षर पुसट झालं तर यांचा जीव कासावीस होई. आणि रोज सकाळी समोर येऊन बसणाऱ्या माणसाच्या कातडीवर जे लिहिलेलं होतं, ते मात्र कुठं उतरवलं गेलं नाही.

भाऊंचे शोधनिबंध त्यांच्या मागे गोळा होऊन 1888 मध्ये कलकत्त्याहून पुस्तकरूपानं निघाले. डॉक्टर भाऊ दाजींचं पुस्तक निघालं नाही, कारण ते लिहिलंच गेलं नव्हतं.

त्यामुळे काय गेलं? कडू कवठ आणि त्याच जातकुळीतलं चौलमुगरा, यांच्या तेलावर पुढे जगभर काम झालं. तेल पोटात घेतलं की रोग्याला उलट्या होत, म्हणून ते सुईनं देता येईल असं कसं करायचं, यावर हवाईत ॲलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ मुलीनं 1915 च्या सुमारास तोडगा काढला. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी यावर मेहनत घेतली. 1940 च्या दशकात सल्फोनची औषधं आली तोवर महारोग्यांसाठी जगात जो काही आधार होता तो या बियांच्या तेलाचा. त्या कहाणीत मुंबईचं नाव पहिल्या पानावर असायला हवं होतं. ते तळटीपेत आहे. नावाचं मला फारसं दुःख नाही. दुःख आहे ते मधल्या वर्षांत ज्यांना हे तेल मिळालं नाही त्यांचं.

वडाळ्याला ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. 1890 साली महापालिकेचे आयुक्त ॲकवर्थ यांच्या पुढाकारानं ते सुरू झालं. हे तेच ॲकवर्थ, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्रामांच्या जोडीनं मराठी पोवाडे गोळा करून छापले. गोंधळ्यांच्या तोंडून पोवाडे उतरवून घेणारा आणि महारोग्यांसाठी निवारा उभारणारा माणूस एकच होता, हे मला नेहमी भाऊंच्या जवळचं वाटतं. माटुंग्याच्या भाऊ दाजी रस्त्यावरून ॲकवर्थ फार लांब नाही.

तिथं मी माझे काही रुग्ण पाठवले आहेत. एकाची गोष्ट सांगतो, नाव अर्थातच नाही. गिरणीतला कामगार, पाठीवर फिकट चट्टा. कापसाचा बोळा फिरवला, डोळे मिटून 'लागतंय का सांग' म्हटलं. लागत नव्हतं. मी चिठ्ठी लिहायला घेतली तर त्यानं माझं मनगट धरलं. "डॉक्टर, कागदावर नाव नका घालू. खोलीवर कळलं तर गाववाले मला बाहेर काढतील." एका खोलीत पंधरा जण पाळीपाळीनं झोपत होते. मी त्याच्याबरोबर स्वतः गेलो. औषध वर्षभर चाललं, तो बरा झाला, नोकरीही टिकली. हे सांगतो ते अशासाठी की भाऊंचे रोगी कोण असतील, आणि गुपित हा शब्द त्या दवाखान्यात कसा वावरत असेल, हे मला त्या मनगट धरलेल्या हातामुळे कळलं.

भाऊंची शेवटची वर्षं कष्टात गेली. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस बंद झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सगळ्या शहराला शेअरचं वेड लागलं. 1865 मध्ये युद्ध संपलं, फुगा फुटला. शहाणीसुरती माणसं बुडाली, त्यात भाऊही बुडाले. हयातभर साठवलेलं गेलं. त्यानंतरही ते 1869 आणि 1871 मध्ये शेरीफ झाले. म्हणजे पैसा गेला तरी पत गेली नव्हती. मग अर्धांगाचा झटका आला. मे 1874 मध्ये ते गेले तेव्हा पन्नाशीच्या आसपास होते. त्या वयाला माझा दवाखाना नुकता कुठं ऐन भरात आला होता.

त्यांच्यामागून गिरगाव-परळच्या डॉक्टरांची जी परंपरा चालली तिच्याकडे पाहिलं की बरं वाटतं. बरोबरीचे आत्माराम पांडुरंग यांनी 1867 मध्ये प्रार्थना समाज स्थापला. गिरगावात त्या नावाचा नाका आजही आहे. लिस्बोआंनी मुंबई इलाख्यातल्या गवतांवर लिहिलं. डॉ. सखाराम अर्जुन यांनी 1879 मध्ये मुंबईत मिळणाऱ्या औषधांची आणि वनस्पतींची यादी छापली, म्हणजे भाऊंनी जे केलं नाही ते नेमकं पुढच्या पिढीनं केलं. 1883 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली तेव्हा संस्थापकांत दोन हिंदी नावं होती, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. याच सखाराम अर्जुनांच्या घरात रखमाबाई वाढल्या. नको असलेल्या नवऱ्याकडे जाणार नाही म्हणून कोर्टात उभ्या राहिल्या आणि मग विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस एका रुग्णाला पाहायला गेले आणि हा प्लेग आहे असं त्यांनी ठामपणे सांगितलं. तेही गोव्याचेच. त्यांचा पुतळा मेट्रो सिनेमासमोर आहे, त्याच्याकडे पाहायला कोणाला वेळ नसतो. प्लेगवरची लस करणारे हाफकिन पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आले, आणि 1926 मध्ये परळलाच केईएम सुरू झालं. आपला हा भाग रुग्णालयांचा झाला तो असा.

आता शेवटचं, आणि हे मी मुख्यतः सभागृहातल्या डॉक्टर मंडळींसाठी आणि त्यांच्या मुलासुनांसाठी बोलतो आहे.

दवाखाना बंद केला तेव्हा माझ्याकडे पस्तीस वर्षांच्या वह्या होत्या. रोजच्या रुग्णांच्या नोंदी, लाल पुठ्ठ्याच्या. कापूस पिंजणाऱ्या खात्यातले कामगार सुट्टीनंतर कामावर गेले की सोमवारी छाती आवळते म्हणून येत, मंगळवारी थोडं बरं वाटे. ते सगळं त्या वह्यांत होतं, वारासकट. संप लांबला तशी त्या बाकड्यांवरची तक्रार बदलत गेली; खोकला कमी झाला आणि झोप न येणं वाढलं, पोरांचं वजन घटलं. तेही होतं. जागा रिकामी करून द्यायची होती. मी त्या वह्या रद्दीवाल्याला दिल्या. भाऊ दाजींबद्दल वाचायला लागलो ते त्यानंतर, आणि मी काय केलं हे मला तेव्हा समजलं.

गिरगाव, दादर, परळ, लालबागमध्ये अजूनही जुने दवाखाने आहेत. काही या वर्षी बंद होतील, इमारती पाडायला निघाल्या आहेत. तुमच्या घरात, माळ्यावर, औषधांच्या खोक्यांत अशा वह्या असतील तर त्या रद्दीत देऊ नका. रुग्णांची नावं काळजीपूर्वक झाका, कारण तो त्यांचा विश्वास आहे, आणि मग त्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे किंवा आपल्या ग्रंथसंग्रहालयाकडे घेऊन जा. तिथं कोणी घेत नसेल तर या व्याख्यानमालेच्या कार्यालयात आणून ठेवा. मी दर शनिवारी संध्याकाळी इथं असतो. मी त्या वाचायला बसेन.